जुन्या गोव्यातला ‘रुआ दिरैता’ हा रस्ता नेमका कुठे होता आणि त्याला ते नाव कसं पडलं?

प्रश्न वाचला आणि आमचे पुण्याचे भावोजी आठवले. मागच्या मे महिन्यात त्यांना जुन्या गोव्याला नेलं होतं. दिवाडी बेटाच्या फेरीबोटीच्या धक्क्याकडून पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या कमानीखाली आलो आणि मी म्हटलं, आपण आता रुआ दिरैतावर आहोत. तर म्हणे, “कसला रस्ता? सगळी झाडीच तर आहे. आणि तो गुलामांचा बाजार ना? मी रील पाहिलंय.” झालं, भर उन्हात जुंपली. ताई वैतागून शहाळेवाल्याकडे जाऊन बसली.

पोर्तुगीज लोक त्यांच्या गावोगावी मुख्य रस्त्याला रुआ दिरैता, म्हणजे सरळ रस्ता, म्हणत. इथल्या रस्त्याच्या नावापुढे ‘लिलावांचा’ अशी जोड होती. रविवार आणि सणवार सोडले तर रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, तिथे लिलाव चाले. लिन्स्खोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात इथे आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने सगळं लिहून ठेवलंय. अरबी घोडे, गालिचे, मसाले, आणि मेलेल्या माणसाचं घरसामानसुद्धा, मग तो व्हाइसरॉय का असेना! पुकारा करणारे दलाल विकायच्या सोनसाखळ्या स्वतःच्या अंगावर घालून हिंडत. हे रीलमध्ये कुठलं असायला?

मग साथी आल्या, लोक पांगले. १६९५ मध्ये व्हाइसरॉयच शेजारच्या पणेलीला राहायला गेला, १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. पडक्या घरांचे दगडही पणजीच्या बांधकामांना गेले. झाडी उगीच नाही उगवली, भावोजी.

बघायचाच असेल तर नदीकडे पाठ करून कमानीतून सरळ आत चाला, सेंट कॅजेटनचं चर्च डाव्या हाताला राहील. आजचा डांबरी रस्ता जुन्या रेघेवर तंतोतंत आहे असं मात्र समजू नका. आणि हो, गुलामही तिथे विकले जात, राजरोस. माझं म्हणणं एवढंच की नाव त्यावरून पडलेलं नाही.

कमान १५९९ची खरी, पण ती पडल्यावर १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. भावोजींनी तिला टेकून काढलेला ‘चारशे वर्षांचा दगड’ असा फोटो फॅमिली ग्रुपवर अजून आहे. खाली मी दुरुस्ती टाकली होती. त्यावर त्यांनी फक्त अंगठा दाखवला.