'मानद' कोण? मान देणारा की घेणारा?

भाषांतराचं काम करणाऱ्या एका वाचकाचं एक वाक्य अडलं आहे. वाक्य असं: 'जागतिक आरोग्य संघटनेने झिम्बाब्वेचे राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांना दिलेला मानद सदिच्छादूत हा किताब परत घेतला.' त्यांचे प्रश्न तीन. इथे 'मानद' चालेल का? 'किताब' म्हणावं का? आणि 'परत घेतला', 'मागे घेतला', 'काढून घेतला', 'रद्द केला' यांतलं नेमकं काय लिहावं?

घाईत असाल तर 'मानद' काढा, 'किताब'च्या जागी 'नेमणूक' घाला आणि 'मागे घेतली' लिहा. पण काढून टाकलेल्या त्या 'मानद'मध्येच खरी गंमत आहे, म्हणून जरा लांबून येतो.

मानद हा शब्द मान + द असा आहे. शेवटचा 'द' हा 'दा' म्हणजे देणे या धातूचा. जलद म्हणजे पाणी देणारा, म्हणून ढग. सुखद म्हणजे सुख देणारं. महडच्या वरदविनायकाकडे आपण वर मागायला जातो, द्यायला नाही. त्याच न्यायाने मानद म्हणजे मान देणारा. विष्णुसहस्रनामात 'अमानी मानदो मान्यो' अशी तीन नावं सलग येतात. अमानी म्हणजे स्वतः अभिमान न बाळगणारा, मानद म्हणजे दुसऱ्याला मान देणारा, मान्य म्हणजे मान द्यावा असा. तिन्ही भूमिका स्वच्छ वेगळ्या. चैतन्य महाप्रभूंच्या शिक्षाष्टकातही 'अमानिना मानदेन' हेच आहे, आपण मान मागू नये, इतरांना द्यावा. टीकाकारांनी तर 'दो' म्हणजे तोडणे या दुसऱ्या धातूवरून 'अभिमान छाटणारा' असाही अर्थ काढून दाखवला आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग मराठीत 'मानद' उलटा कसा झाला? माझा तर्क असा की सुरुवातीला हे विशेषण माणसाचं नसून पदाचं असावं. पगार न देता फक्त मान देतं ते मानद पद. मानद पदवीचंही तेच, ती मान देते. इथवर व्याकरण ताठ उभं आहे. घोळ होतो तो विशेषण पदावरून उतरून माणसाच्या खांद्यावर बसतं तेव्हा. 'मानद अध्यक्ष' म्हटलं की व्युत्पत्तीप्रमाणे अध्यक्ष मान देतोय आणि व्यवहारात तो घेतोय.

व्यवहारातही या शब्दाचे अर्थ एकसारखे नाहीत. सोसायटीचे मानद सचिव पाण्याच्या टँकरपासून पार्किंगच्या भांडणापर्यंत सगळं बिनपगारी निस्तरतात. मान नावापुरता, काम ढीगभर. मानद पदवीत अभ्यास आणि परीक्षा दोन्ही माफ. आणि मानद अध्यक्षाला बहुधा कामही नसतं, त्याचं नाव आणि फोटो पुरतो. एकाच विशेषणात घाम गाळणारा आणि घाम न गाळता मिळवणारा असे दोघे शेजारी बसले आहेत. म्हणून जिथे काम आहे आणि पगार नाही तिथे मी 'अवैतनिक' किंवा 'मानसेवी' लिहितो आणि 'मानद' फक्त पदवी-पदांसाठी राखून ठेवतो.

आता मुगाबेंकडे. ऑक्टोबर 2017 मध्ये उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओ इथे असंसर्गजन्य रोगांवर परिषद भरली होती. तिथे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक टेड्रॉस अधानोम घेब्रेयेसस यांनी मुगाबेंना आफ्रिकेसाठी या रोगांविषयीचे सदिच्छादूत नेमल्याचं जाहीर केलं आणि झिम्बाब्वेच्या आरोग्य धोरणाची तारीफही केली. मुगाबे तेव्हा 93 वर्षांचे, 1980 पासून सत्तेवर. देशातल्या इस्पितळांची दुर्दशा जगाला माहीत होती आणि ते स्वतः उपचारांसाठी सिंगापूरला जात. ओरड झाली, आणि चारच दिवसांत, 22 ऑक्टोबरला, टेड्रॉस यांनी नेमणूक मागे घेतली. त्याच नोव्हेंबरात मुगाबेंची सत्ताही गेली.

'सदिच्छादूत' हे पद मुळातच मानाचं असतं. 'मानद सदिच्छादूत' म्हणजे 'पिवळा पितांबर'. म्हणून 'मानद' काढा म्हणालो. 'सदिच्छादूत' शब्द मात्र ठेवा. हिंदीतला 'सद्भावना दूत' घ्यायची गरज नाही. खरं तर आपल्याकडे 'सदिच्छा' या शब्दावर वर्तमानपत्रांनी इतकं राजकारण लादलंय की दोन पुढाऱ्यांची 'सदिच्छा भेट' झाली असं वाचलं की कोणीतरी पक्ष बदलणार हे शाळकरी पोरही ओळखतं. मुगाबेंच्या बाबतीत तो सगळा वास अनायासे लागतो, लागू द्या.

'किताब' का नको? किताब नावाला चिकटतो, पद माणूस भूषवतो. रावबहादूर हा किताब, सचिव हे पद. हेच मुगाबे 1994 मध्ये ब्रिटनच्या राणीकडून मानद सरदारकी घेऊन आले होते. ती 2008 मध्ये गेली. तिथे 'किताब' शोभून दिसतो. रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू यालाही 1978 मध्ये लंडनच्या दौऱ्यात असा किताब मिळाला होता. तो काढून घेतला डिसेंबर 1989 मध्ये, त्याला गोळ्या घालण्याच्या आदल्या दिवशी. अकरा वर्षं उशीर आणि एका दिवसाची घाई.

आता क्रियापदं, कारण भाषांतरात खरी चूक इथे होते. 'मागे घेणे' हे देणाऱ्याच्या बाजूने असतं. शब्द, विधान, निर्णय, अर्ज मागे घेतात, आणि त्यात आपलं चुकल्याची थोडी कबुली असते. टेड्रॉस यांनी केलं ते हे. 'रद्द करणे' कोरडं, कार्यालयी आहे, त्यात कोण चुकलं ते कळत नाही. 'काढून घेणे' घेणाऱ्याच्या बाजूने पाहतं, वस्तू त्याच्या हातात पोचली होती आणि ती गेली. 'परत घेणे' दुकानातल्या मालाला शोभतं. आणि 'परत करणे' हे मान मिळालेल्याने करायचं असतं. या मंडळींपैकी कोणी आपण होऊन तसं केल्याचं माझ्या वाचनात नाही.

क्रीडाक्षेत्रात अशी क्रियापदं साधारण एका आठवड्यात वापरायला मिळाली. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आंतरराष्ट्रीय जूदो महासंघाचे मानद अध्यक्ष होते व्लादिमीर पुतिन. महासंघाने त्यांना आधी 'निलंबित' केलं, मग मार्चमध्ये सगळ्या पदांवरून 'दूर केलं'. जागतिक तायक्वांदो संघटनेने 2013 मध्ये दिलेला मानद ब्लॅक बेल्ट 'काढून घेतला'. पुतिन जूदो खरोखर शिकलेले आहेत. तायक्वांदोचा पट्टा मात्र शुद्ध 'मानद' होता, म्हणजे वर सांगितलेला परीक्षा माफ असलेला प्रकार. आता विचार करा, ज्या पदाला काम नाही, सही नाही, खुर्ची नाही, त्यावरून माणसाला 'निलंबित' करायचं म्हणजे नक्की काय थांबवायचं? 'निलंबन' हा नोकरीतला शब्द आहे, त्यात अर्धा पगार आणि चौकशी येते. मी असतो तर 'मानद अध्यक्षपद गोठवलं' लिहिलं असतं. क्रीडापानासाठी लिहीत असाल तर मराठीत याहून झकास सोय आहे. ज्या नारळाने सत्कार होतो त्याच नारळाने हकालपट्टीही होते. आधी शाल-श्रीफळ, मग 'नारळ दिला'.

पण 'मानद'चा मूळ अर्थ उजळून निघाला तो युनेस्कोच्या प्रकरणात. आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीचे राष्ट्राध्यक्ष तेओदोरो ओबियांग एन्गेमा एम्बासोगो 1979 मध्ये काकाला उलथवून सत्तेवर आले. देश तेलाने श्रीमंत, जनता गरीब. 2008 मध्ये त्यांनी देऊ केलेल्या 30 लाख डॉलर्समधून युनेस्कोने जीवशास्त्रातल्या संशोधनासाठी एक पुरस्कार स्थापन केला आणि त्याला ओबियांग यांचंच नाव दिलं. इथे कोण कोणाला मान देतंय? कागदावर ओबियांग संशोधकांना देतायत, पैशाच्या रूपाने. प्रत्यक्षात युनेस्को ओबियांग यांना देतेय, नावाच्या रूपाने. आणि पुरस्कार घेणारा प्रत्येक संशोधक मंचावर उभा राहून ते नाव आणखी थोडं उजळतोय. संस्कृतातल्या काटेकोर अर्थाने ओबियांग हेच 'मानद', आणि मराठीतल्या ढिल्या अर्थानेही तेच. देणारा आणि घेणारा एकाच शब्दात मावला.

मानवाधिकार संघटना, लेखक, शास्त्रज्ञ यांनी विरोध केला, आर्चबिशप डेसमंड टुटूही त्यांत होते. 2010 मध्ये पुरस्कार स्थगित झाला. पण मार्च 2012 मध्ये युनेस्कोच्या कार्यकारी मंडळाने 33 विरुद्ध 18 मतांनी तो पुन्हा सुरू केला. फरक एवढाच की ओबियांग यांचं नाव गेलं आणि देशाचं आलं. मंडळातले आफ्रिकी देश पुरस्काराच्या बाजूने होते आणि महासंचालक इरिना बोकोवा विरोधात, हे नोंदवायला हवं, कारण याला निव्वळ पैशाची गोष्ट म्हणणं सोपं पडेल. आपल्या खंडातल्या नेत्यालाच का नाकारता, ही भावनाही त्या मतदानात होती.

याला मराठीत 'नामांतर' म्हणू नका, ही माझी आग्रहाची सूचना. मराठवाडा विद्यापीठाच्या लढ्यानंतर या शब्दावर सोळा-सतरा वर्षांच्या संघर्षाचं वजन आहे. तिथे लोक एक नाव लागावं म्हणून झगडले, इथे एक नाव झाकलं. साधं 'नावबदल' पुरे.

जाता जाता एक. मराठी लिहिणाऱ्याला इंग्रजीवाल्यासारखं तटस्थ राहता येत नाही, कारण आपलं व्याकरणच मान देतं किंवा काढून घेतं. 'मुगाबे यांना नेमले' लिहिलं की आदरार्थी अनेकवचन आलंच. 'मुगाबेला' लिहिलं की संपादक खाकरतो. हिटलर मात्र कधीच 'म्हणाले' नसतो. वर मी स्वतः काय केलं ते तपासलं तर मुगाबे 'आले होते', ओबियांग 'आले', पुतिन 'शिकलेले आहेत' आणि चाउशेस्कू 'त्याला'. मुद्दाम नाही केलं, लेखणी तशीच चालली. चाउशेस्कूचं अनेकवचन कोणत्या दिवशी गेलं हे त्याच्या किताबासारखं तारखेने सांगता येणार नाही, पण गेलं खरं. 'मानद'चा तो दुसरा अर्थ, मान छाटणारा, आपल्या विभक्तिप्रत्ययांत दडून बसलाय.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'झिम्बाब्वेचे राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांची सदिच्छादूत म्हणून केलेली नेमणूक जागतिक आरोग्य संघटनेने चार दिवसांत मागे घेतली.' 'यांची' ठेवायचं की नाही, ते तुमच्या संपादकांना विचारा.