सलाईन लावू का, ताई?

प्रश्न : ताई, मी 34 वर्षांची. दारव्हा तालुक्यात राहते. पाच एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटी अन् तूर. गावात शिबिर झालं तेव्हा माझं हिमोग्लोबिन 8.6 निघालं. लाल गोळ्या देल्ल्या. पंधरा दिवस खाल्ल्या, पण मळमळ व्हायची अन् संडास काळी होत होती म्हणून सोडून देल्ल्या. वेचणीच्या दिवसांत चक्कर येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. शेजारीण म्हणते, सलाईन लाव, त्यात ताकदीचं इंजेक्शन टाकतात. मागच्या वर्षी लावली तर दोन दिवस बरं वाटलं. पुन्हा लावू का जी? भाजी तर मी रोज खाते.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नको, बाई. त्या बाटलीत काय असतं ते आधी ऐक. नेहमीच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. लोह अजिबात नाही. वरून टाकलेल्या पिवळ्या इंजेक्शनात ब जीवनसत्त्वं असतात. अंगाला लागतात तेवढी राहतात, उरलेली लघवीतून जातात. तुला दोन दिवस बरं वाटलं ते खरंच होतं. अंग सुकलं होतं, त्याला मीठ-पाणी मिळालं, आणि तू दोन तास पाय पसरून पडलीस. वेचणीत एरवी कधी पडतेस?

तुझ्या वयाच्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असू नये. रक्तातला प्राणवायू लोहाच्या आधारानं वाहतो. लोह कमी पडलं की दम लागतो, चक्कर येते. लाल गोळी सोडू नकोस. संडास काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळं, त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी घे. महिनाभरानं रक्त पुन्हा तपास. आकडा वाढला तरी गोळी लगेच थांबवू नकोस, अंगातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

आता भाजीचं. ज्वारीच्या भाकरीत, अंबाडीत, तुरीच्या वरणात लोह आहे, पण धान्या-भाज्यांतलं लोह आतड्यांना सहज शोषता येत नाही. आंबट सोबत असलं की ते सुटतं, चहा सोबत असला की अडकतं. आपल्याकडं शिदोरी सोडली की पाठोपाठ काळा चहा ठरलेला. तो तासाभरानं पी. गोळीच्या आसपास तर चहाही नको, दूधही नको. भाजीवर लिंबू ताटात पिळ, चुलीवर नाही. क जीवनसत्त्व आचेनं नासतं. वेचणीच्याच दिवसांत आवळा, पेरू, संत्री येतात. वरुड-मोर्शीची संत्री आपल्याच भागातून बाहेरगावी जातात आणि आपल्या बाया टॉनिकची बाटली घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एवढं करूनही रक्त वाढलं नाही तर पाळीत अंगावर जास्त जातं का, पोटात जंत आहेत का, हे बघावं लागेल. सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, चाचणी मात्र आत्ताच करून घे. विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे, आणि त्यात रक्त कमी असण्याचं कारण लोहाची कमतरता असेलच असं नाही.

पोटऱ्यांतल्या गोळ्यांबद्दल तू पाण्याचं काही लिहिलं नाहीस, म्हणून मीच विचारते. सकाळी शेतात गेल्यापासून किती पाणी पितेस? 31 वर्षं या भागात दवाखाना करते आहे. हा प्रश्न केला की बाया मान खाली घालतात आणि हळू आवाजात सांगतात, आडोसा नसतो हो डॉक्टरीणबाई. पुरुष धुऱ्यावर कुठंही बसतात. त्यात वेचणी किलोवर, उठलं की तेवढा कापूस कमी. म्हणून बाई तहान मारते, घामातून मीठ-पाणी जातच राहतं, आणि रात्री पोटऱ्या आवळतात. लघवी गडद आणि जळजळीत होत असेल तर समज, पाणी कमी पडतंय. चार बाया मिळून तुरीच्या ओळींआड जुन्या लुगड्याचा आडोसा बांधा. मालकाला सांगायला लाजू नका. निघताना दोन पेले पाणी पिऊनच नीघ. चक्कर येईल त्या दिवशी लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू घालून घोट-घोट पी. सलाईनचं काम तेवढ्यानं होतं.

प्रश्न : बोअरच्या पाण्यानं पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेत. उकळून देऊ का?
— एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : असे डाग बहुधा पाण्यात विरघळलेल्या फ्लोराइड नावाच्या क्षारामुळं पडतात. उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला बंद करा. अंघोळ, धुण्याला चालतं. ग्रामपंचायतीमार्फत बोअरचा आणि गावातल्या उथळ विहिरीचा, दोन्ही नमुने तपासायला द्या. पडलेले डाग पाणी बदलून जात नाहीत, पण धाकट्याचे पक्के दात अजून यायचे असतील तर हे काम या महिन्यातच करा.