मराठीचा रकाना

प्रिय सोनू,

कॉलेजच्या फॉर्मवर 'एशियन'वर खूण करताना तू विचारलंस, "आई, माझी रूममेट कोरियन, आपण मराठी, आणि दोघींचा रकाना एकच? मग मराठी असणं लिहायचं कुठे?" फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

हे रकाने अमेरिकेने वेळोवेळी बदललेत. 1920 ते 1940 च्या जनगणनांत 'हिंदू' हा चक्क वंश होता आणि पंजाबातून आलेले शीखही त्यातच धरले जात. भगतसिंग थिंद त्यांपैकीच. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते. तरी 1923 साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की सर्वसामान्य समजुतीप्रमाणे ते 'गोरे' नाहीत, सबब नागरिकत्व नाही. आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचंही नागरिकत्व मग काढून घेतलं गेलं. पुढे 1970 च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं. 1980 साली 'एशियन इंडियन' आलं, तेही इथल्या भारतीय संघटनांनी मागणी लावून धरली म्हणून.

मला मात्र या विषयात आपले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, फार जवळचे वाटतात. कोकणात ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. भाषा मराठी, आडनावं गावावरून, शेवटी 'कर'. 1948 नंतर त्यांतले हजारो इस्राएलला गेले. कोकणात ज्यू म्हणून वेगळे असलेले हे लोक तिथे 'भारतीय' ठरले. 1960 च्या दशकात लग्न लावताना काही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेऊ लागले. 1964 मध्ये जेरुसलेमला त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे सरकारने ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे शुभकार्यात अजून मलिदा होतो. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, फळं, आणि प्रार्थना हिब्रूत, एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने. इस्राएलमध्ये राहून त्यांनी पोहे सोडले नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भारतात मला कुणी 'भारतीय' म्हणून ओळखत नव्हतं. आडनाव विचारायचे, गाव विचारायचे, मग आडून आडून जात. इथे आल्याआल्या मी आणि तमिळ शेजारीण, दोघी 'इंडियन' झालो, आणि मला ते मनापासून आवडलं. पण काही जणांनी जात सोबत आणलीच. उगाच नाही 2023 साली सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. इथल्या मराठी मंडळात कुणी आडनावावरून खोदून विचारलं, तर अजिबात उत्तर देऊ नकोस.

'एशियन'वर बिनदिक्कत खूण कर. भेदभाव होतोय की नाही हे अशा आकड्यांवरूनच दाखवता येतं, म्हणून तो रकाना मला हवाच आहे. 'घरी बोलली जाणारी भाषा' विचारतील तिथे मराठी लिही. आणि रूममेटला विचार, तिच्या घरच्यांना इथे आल्यावर कोण म्हणून मोजलं होतं. काय म्हणते ते मला नक्की कळव.

तुझी,
आई