आठवणी उकरायची घाई करू नकोस

"दुपारी भाजी चिरत होते, भानावर आले तेव्हा रात्र झाली होती आणि वहीत माझं नसलेलं अक्षर होतं." तुझं हे वाक्य वाचलं आणि पुढे वाचवेना. माझ्या वहीतलं अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं होतं, मोठं मोठं, रेघेबाहेर जाणारं. तू तेवीस वर्षांची आहेस, मी पंचेचाळिशी ओलांडली आहे, म्हणून अगं-तुगं करते.

तू विचारलंस की डीआयडीचं, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं आळीपाळीने बाहेर येतात त्या आजाराचं, निदान झालंय, काउन्सेलर म्हणतात लहानपणचं सगळं एकदा बाहेर आलं की मोकळी होशील, पुढच्या आठवड्यात हिप्नॉसिसचं, म्हणजे संमोहनाचं, सेशन आहे, तर जाऊ का? मी डॉक्टर नाही. तुझी केस मला माहीत नाही. तरीही सांगते, आत्ता जाऊ नकोस.

मी गेले होते. २०१४ साली, एका केंद्रात. दुसऱ्याच भेटीत मला आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि "आता तू सात वर्षांची आहेस, काय दिसतंय?" असं सुरू झालं. दिसलं. खूप दिसलं. तासाभराने फी घेतली, पाणी दिलं, पुढची तारीख दिली. त्या रात्री मी कुठे होते ते मला आजही आठवत नाही. पहाटे साताऱ्याच्या एसटी स्टँडवर होते, पायात चप्पल नव्हती. आम्ही राहायचो पुण्यात. दोन महिन्यांत नोकरी गेली.

पण सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच. त्या सेशनमध्ये दोन प्रसंग "आठवले". त्यातला दुसरा ज्या घरात घडला असं मला लख्ख दिसत होतं, ते घर आमच्याकडे मी तेरा वर्षांची झाल्यावर आलं. म्हणजे सात वर्षांची मी तिथे असणं शक्यच नव्हतं. संमोहनात मन रिकाम्या जागा भरून काढतं आणि भरलेलं खऱ्याइतकंच खरं वाटतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तो प्रसंग भावाला सांगून बसले होते. नातेवाइकांना आयतं मिळालं, "बघा, हिचं सगळंच मनाचं." जे खरोखर घडलं होतं, जे मला कधीच विसरता आलं नव्हतं, त्यावरही पाणी पडलं. माझा स्वतःवरचा विश्वासही गेला, तो परत यायला चार वर्षं लागली. त्या केंद्राला विचारलं तर म्हणाले, "रेझिस्टन्स आहे, अजून खोल जावं लागेल." आजही हे लिहिताना हात थरथरतात.

डीआयडीचे उपचार साधारण तीन टप्प्यांत होतात. आधी सुरक्षितता आणि रोजचं जगणं स्थिर करणं, मग आठवणींवर काम, मग आतल्या सगळ्यांना जोडत पुढचं आयुष्य. त्या लोकांनी माझा पहिला टप्पाच गाळला. आतल्या भिंती लहानपणी मला जगवायला उभ्या राहिल्या होत्या. खाली टेकू न देता त्या पाडल्या तर छप्पर डोक्यावरच येणार.

पुढे ज्या मॅडम भेटल्या त्यांनी दीड वर्ष माझ्या बालपणाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. मला रागच यायचा. त्या विचारायच्या, काल झोपलीस किती, जेवलीस का, पाकिटातले पैसे कुणी खर्च केले. आतल्या सगळ्यांसाठी एकच वही केली. जी बाहेर येईल तिने तारीख घालून दोन ओळी लिहायच्या. नियमही ठरवले: लहानी, म्हणजे माझ्यातली लहान मुलगी, बाहेर असेल तर गॅस आणि स्कूटर बंद. भान सुटायला लागलं की मी हिंगाची डबी हुंगते आणि त्या दिवसाच्या पेपरावरची तारीख मोठ्याने वाचते. लहानीला पटायला वेळ लागतो की ते साल संपलं, तो माणूस इथे नाही. तिच्यावर ओरडू नकोस. मी वर्षभर तिला हाकलायला बघत होते आणि तेवढी ती जास्त घाबरून बाहेर यायची.

सगळ्या एक झाल्याच पाहिजेत असंही नाही. माझ्यातल्या दोघी मिसळल्या, बाकीच्या आहेत आणि आमचं बरं चाललंय. काहींना हे पटत नाही, पण माझं मत हेच आहे.

आई "अंगात येतं" म्हणते, त्यावरून भांडू नकोस. २०१३ च्या डीएसएम-५ मध्येही, म्हणजे डॉक्टर मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात त्या अमेरिकन पुस्तकातही, काही समाजांत हाच अनुभव 'दुसऱ्याचा संचार' म्हणून येतो असं धरलं आहे. मात्र मारहाण करणाऱ्या, धूर देणाऱ्या माणसाकडे नेत असतील तर ठाम नकार दे. आपल्याकडे महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. डीआयडीवर अशी वेगळी गोळी नाही. झोप, नैराश्य, भीती यांसाठी देतात. मला आतले आवाज ऐकू येतात म्हणून चार वर्षं स्किझोफ्रेनियाचे उपचार चालले. तरी स्वतःच्या मनाने काही बंद करू नकोस, सोडताना सायकियाट्रिस्ट हवाच.

नवीन कुणाकडे गेलीस तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी आहे का ते बघ आणि एकच प्रश्न विचार, "पहिले सहा महिने काय कराल?" उत्तरात आठवणी आधी आल्या तर उठून ये.

आणखी एक, विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. सगळे कागद जपून ठेव. माझ्या एका कार्डावर नुसतं "हिस्टेरिया" लिहिलं होतं, ते नंतर प्रत्येक ठिकाणी माझ्याआधी पोचायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं मागायचा हक्क आपल्याला आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हेही त्यातच आहे. माझा क्लेम तरी दोनदा परत आला. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, आत्ता लिहिलं तर थांबणार नाही.

सेशन रद्द करायला फोन जमत नसेल तर मेसेज कर, कारण द्यायची गरज नाही. रात्री फार जड झालं, जीव नको वाटला, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आणि त्या अक्षराखाली आज तू तारीख घालून लिही, "वाचलं. तू जेवलीस का?"