एकाने विचारलंय: विंडोज ११ च्या लॅपटॉपवर काढलेले स्क्रीनशॉट आपोआप क्लाउडवर कसे जातील, गूगल ड्राइव्हवर जातील का? आणि एवढं करायची गरज आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देईल. मी लिहायला बसलो ते दुसऱ्यामुळे. गरज आहे. का आहे ते सांगतो, पण आधी तुमचं काम उरकून टाकू.

विंडोज ११ म्हणताय म्हणजे वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड, लॅपटॉपमध्ये आधीपासून बसलेलंच आहे. खाली घड्याळाशेजारी ढगाचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून सेटिंग्ज, मग 'सिंक अँड बॅकअप'. तिथे 'सेव्ह स्क्रीनशॉट्स आय कॅप्चर टू वनड्राइव्ह' हे चालू करा. शिवाय 'मॅनेज बॅकअप'मध्ये जाऊन पिक्चर्स फोल्डरही चालू करा, म्हणजे विंडोज आणि प्रिंटस्क्रीन एकत्र दाबून काढलेले आणि स्निपिंग टूलने (विंडोजचं स्क्रीनचा तुकडा कापून घ्यायचं टूल) स्वतःहून साठवलेले, दोन्ही वर जातात. एक गोष्ट आडवी येते. हल्ली नुसतं प्रिंटस्क्रीन दाबलं की स्निपिंग टूलच उघडतं. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे जाऊन ते बंद करा. झालं.

आता गरजेचं. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, शिष्यवृत्ती हे वर्षभर, आणि जून-जुलैत प्रवेशाची झुंबड. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म ज्यांनी भरलाय त्यांना माहीत आहे, कॉलेजं कोणत्या क्रमाने टाकली यावर सगळं असतं. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज मिळालं की सीट फ्रीझ. मग कितीही डोकं आपटा, पुढच्या फेरीत बदल नाही.

असाच एक मुलगा बापाला घेऊन आला होता. बाप शेतकरी, स्वभावाने कडक. घरात ठरलेलं की लातूरचं कॉलेज पहिलं, पुण्याचं नंतर. पुण्यात खोली-मेस परवडत नाही. यादी भरली, बापाने वाचून घेतली, मान डोलावली आणि "मी जरा खताच्या दुकानात जाऊन येतो" म्हणून गेला. मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं. मुलगा खुर्चीत बसूनच होता. मग त्याला मित्राचा फोन आला, बाहेर जाऊन बोलला, आत आला आणि म्हणाला, "दादा, पुण्याचं वर घ्या." मी विचारलं, वडिलांना विचारलंस का? म्हणाला, "हो, आत्ता त्यांच्याशीच बोललो." फॉर्म त्याचा, लॉगिन त्याचं, पासवर्ड त्याचा. मी क्रम बदलला, त्याला वाचून दाखवला, त्याने स्वतःच्या हाताने कन्फर्म केला.

यादी लागली, पुण्याचं मिळालं, सीट फ्रीझ. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात बाप दुकानात, सोबत एक ओळखीचे पुढारी आणि बाहेर दोन मोटारसायकली. "तुम्ही वाटोळं केलं माझ्या पोराचं. मी समोर बसून लातूर पहिलं टाकलं होतं." आणि बाप खोटं बोलत नव्हता, हे लक्षात घ्या. त्याच्यासमोर लातूरच पहिलं होतं. त्याच्या हातात होती ती पोर्टलची पीडीएफ. त्यात पुणे पहिलं. त्या कागदावरून बघणाऱ्याला एकच दिसतं: सेंटरवाल्याने घोळ घातला.

ज्या लॅपटॉपवर फॉर्म भरला तो त्या आठवड्यात मदरबोर्ड जाऊन दुरुस्तीला पडलेला. मी फोनवर वनड्राइव्ह उघडलं, स्क्रीनशॉटच्या फोल्डरमध्ये ती तारीख काढली. प्रत्येक टप्प्याला एक प्रिंटस्क्रीन ही माझी सवय आहे, बोट आपोआप जातं. एका चित्रात लातूर पहिलं, खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ ४:३१. पुढच्या चित्रात पुणे पहिलं, घड्याळ ४:४९. डाव्या कोपऱ्यात विंडोजचं ते हवामानाचं खूळ असतं ना, त्यात पावसाचं चिन्ह. पुढाऱ्यांनी फोन हातात घेऊन बोटांनी मोठं करून बघितलं आणि विचारलं, "पावणेपाचला तुम्ही कुठं होता, पाटील?" बाप म्हणाला, "खताच्या दुकानात. पाऊस लागला म्हणून तिथंच थांबलो." मग सगळ्यांनी पोराकडे बघितलं. त्याने कबूल केलं. पुढे घरी काय झालं ते मला माहीत नाही. पोरगं पुण्यातच शिकतंय, बाप अजून माझ्याकडूनच सातबारा काढतो.

म्हणून सांगतो, तुकडा कापून स्क्रीनशॉट काढू नका. पूर्ण स्क्रीन घ्या. लोक स्निपिंग टूलने तेवढी चौकट सुबक कापतात आणि नेमकं घड्याळ बाहेर फेकून देतात. टास्कबारच्या सेटिंगमध्ये घड्याळाला सेकंदही दाखवता येतात, माझ्या तिन्ही मशीनवर ते चालू आहेत.

आणि हाताने अपलोड करू म्हणणाऱ्यांनी दुकानात चार माणसं रांगेत उभी असताना एकदा करून दाखवावं. भांडण कोणत्या चित्रावरून होणार हे ते काढताना कळत नसतं. कळलं असतं तर भांडणच झालं नसतं. म्हणून 'महत्त्वाचे तेवढे वर टाकू' या म्हणण्याला अर्थ नाही. सगळेच जाऊ द्या, जागेची काळजी नको. वनड्राइव्हवर ५ जीबी फुकट आहे. स्क्रीनशॉट अर्ध्या एमबीचा धरला तरी १० हजार मावतात.

आमचे दाजी हिंजवडीत कंपनीत आहेत. त्यांचं म्हणणं, स्क्रीनशॉट हा गावठी प्रकार, पोर्टल पीडीएफ देतं ती जपून ठेवावी, तीच अधिकृत. दर दिवाळीला हा वाद होतो. दाजी, पीडीएफ शेवट सांगते. मधे काय घडलं ते तिला माहीत नसतं. पैसे खात्यातून गेले आणि पोर्टलवर 'पेमेंट पेंडिंग' अडकलं, तर त्याची पीडीएफ कोण देतं? एरर आला तर त्याची पावती मिळते का? मग गिऱ्हाईक कुणाच्या गळ्यात पडतं?

यावर ते कायदा काढतात, की कोर्टात स्क्रीनशॉट चालत नाही. त्यांचं हे अर्धं खरं आहे. जालन्याचं खोतकर-गोरंट्याल निवडणूक प्रकरण आठवत असेल. २०१४ च्या विधानसभेचे अर्ज वेळेनंतर घेतले का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. त्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यात हे कलम ६३ झालं आणि प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलचा बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावी लागते. म्हणजे नुसता स्क्रीनशॉट नाचवून कोर्टात भागत नाही, मान्य. पण माझा वाद काउंटरवर होता, आणि गावातले निम्म्याहून जास्त वाद काउंटरवरच मिटतात. प्रमाणपत्र द्यायची वेळ आली तरी त्याला आधी फाइल हातात असावी लागते ना.

हो, तुम्ही गूगल ड्राइव्हचं विचारलं होतं. गूगलचं डेस्कटॉपचं अ‍ॅप टाका, प्रेफरन्सेसमध्ये 'अ‍ॅड फोल्डर' करून पिक्चर्समधलं स्क्रीनशॉट्स फोल्डर निवडा. दोन पर्याय येतील, त्यातला ड्राइव्हशी सिंकचा घ्या, फोटोजचा नको. नाहीतर लग्नाच्या अल्बममध्ये सातबारे दिसायला लागतात. ड्राइव्हच्या वेबसाइटवर ते 'कॉम्प्युटर्स'खाली सापडेल. १५ जीबी मिळतं, पण ते जीमेल आणि फोटोंसोबत वाटून. मात्र वनड्राइव्हला पिक्चर्स दिलेलं असेल तर तेच फोल्डर गूगललाही देऊ नका, दोघांपैकी एकच ठेवा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सिंक म्हणजे तिजोरी नव्हे. लॅपटॉपवरून फाइल उडवली की वरूनही उडते; ड्राइव्ह असो की वनड्राइव्ह, कचरापेटीत ३० दिवस असते, मग गेली. मी सीझन संपला की एकदा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो. दुसरं, स्क्रीनशॉटमध्ये लोकांचे आधार नंबर, मोबाइल, खाते क्रमांक येतात. दुकानाचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं ठेवा, टू-स्टेप (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) लावा, काम झाल्यावर पुसा. मी काउंटरवर पाटी लावली आहे की फॉर्म भरताना स्क्रीनची नोंद ठेवली जाते. ज्याला नको त्याने तसं सांगावं. आतापर्यंत एका मास्तरांनीच नको म्हटलं. आणि लॅपटॉप कंपनीचा असेल तर यातलं काहीही करू नका, आयटीवाल्यांना विचारा. कंपनीत असलेल्या दाजींना खरं तर इथे बरोबर मुद्दा सापडला असता, पण ते तो कधी मांडत नाहीत, त्यांना पीडीएफवरच भांडायचं असतं.

त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर मात्र गणपतीत ताईच्या सांगण्यावरून मी हे सेटिंग चालू करून आलोय. अजून तरी त्यांनी बंद केलेलं नाही.