नवी बेस गिटार : दुकानात काय पाहावं, आणि पहिले पंधरा दिवस

तुमचे प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. दोन वर्षं अकूस्टिक गिटार वाजवताय. कॉलेजच्या ग्रुपमध्ये बेसला कोणी नाही म्हणून ते काम तुमच्याकडे आलं. सगळं धरून बजेट २५ हजार. चार तारांची घ्यावी की पाच, ऑनलाइन मागवावी की दुकानात जाऊन, आणि मित्राची नवी कोरी बेस वाजवून पाहिली तर जाड तार खरखरत होती, म्हणजे ती बेस खराब निघाली का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतात. ती बेस बहुधा खराब नाही, तिचं सेटिंग झालेलं नाही. चार तारांचा मिळून साधारण ७० ते ८० किलोचा ताण त्या लाकडी नेकवर, म्हणजे लांब दांड्यावर, दिवसरात्र असतो. तो ताण पेलायला नेकच्या आत लोखंडी ट्रस रॉड घातलेला असतो आणि दोघांचा तोल कारखान्यात जुळवलेला असतो. नंतर ती बेस खोक्यात बसून महिनोन्महिने प्रवास करते, एसी दुकानात लटकते आणि शेवटी आपल्या दमट घरात येते. लाकूड हवेप्रमाणे थोडं हलतंच. तार आणि फ्रेट (नेकवरचे धातूचे पडदे) यांच्यातलं अंतर इतकं कमी असतं की अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा कानाला कळतो.

माझ्या बाबतीत हे गेल्या जुलैतच झालं. मी डोंबिवलीत राहतो, १९ वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय आणि इतकी वर्षं एकाच चार तारांच्या बेसवर काढली. गेल्या वर्षी पाच तारांची नवी घेतली. दुकानात ती इतकी सुरेख बोलली की दुसरी हातात घ्यावीशीच वाटली नाही. दहा-बारा दिवसांनी घरी ई तार (चार तारांच्या बेसवरची सगळ्यात जाड) पहिल्या फ्रेटपासून पाचव्यापर्यंत खरखरायला लागली. पोटात खड्डा पडला, खोटं कशाला सांगू. मग शांतपणे मोजलं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, सतराव्या फ्रेटवर तार दाबून धरली आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते पाहिलं. तिथे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. माझ्या बेसवर फट नव्हतीच, नेक सपाट झाली होती. ट्रस रॉड अ‍ॅलन कीने पाव फेरा सैल केला, रात्रभर तशीच ठेवली, सकाळी पुन्हा मोजलं, फट आली होती. खरखर गेली आणि तेव्हापासून ती बेस माझी झाली.

तुम्ही मात्र पहिल्या वेळी हे स्वतः करू नका. जाणकार माणसाकडून करून घ्या, शेजारी उभं राहून पाहा, विचारा. त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. मित्रालाही हेच सांगा.

खरखरीचं दुसरं कारण तुमच्याच हातात असू शकतं. अकूस्टिक वाजवणाऱ्यांना आवाजासाठी तार जोरात मारायची सवय असते. बेसची जाड तार सैलसर आणि लांब असते, जोरात ओढली की तिचा झोल मोठा होतो आणि ती फ्रेटवर आपटते. अ‍ॅम्पचा आवाज वाढवा आणि बोट निम्म्या जोराने चालवा. निम्मी खरखर तिथेच थांबेल, आणि सूर जास्त गोल येईल.

आता खरेदीचं. पहिली बेस दुकानात जाऊनच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. मुंबईत असाल तर धोबी तलावच्या बाजूला वाद्यांच्या दुकानांत एक अख्खी दुपार काढा. कारण एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन बेस शेजारी ठेवल्या तरी एकीची नेक हातात बसते आणि दुसरीची बसत नाही. हा फरक फोटोत दिसत नाही.

दुकानात गेल्यावर लगेच अ‍ॅम्पला जोडू नका, अगदी दुकानदार केबल घेऊन उभा असला तरी. आधी नुसतीच वाजवा. बसून मांडीवर घ्या, बॉडी पोटाला टेकवा आणि उघडी, म्हणजे कुठेही न दाबलेली, ई तार छेडा. चांगल्या जुळणीच्या बेसमध्ये ती थरथर पोटापर्यंत येते आणि बराच वेळ टिकते. मग प्रत्येक तारेवर एकेक फ्रेट सावकाश दाबत वरपर्यंत जा. कंटाळवाणं काम आहे, पण चुकवू नका. कुठे सूर अचानक मुका होतो का, कुठे खरखरतो का, तेवढंच ऐकायचं. सगळ्यात बारीक ‘जी’ (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, ते बऱ्याच चांगल्या बेसवरही आढळतं, त्याला घाबरू नका. तळहात नेकच्या कडेवरून वरखाली फिरवा, फ्रेटची टोकं टोचत असतील तर ती बेस बाजूला ठेवा. मग पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. नेक जमिनीकडे झुकली, तर दोन तासांच्या कार्यक्रमात तुमचा डावा हात वाजवण्याऐवजी तिला उचलून धरण्यात दमेल. वजन ४ किलोच्या आसपास असेल तर ठीक. ट्यूनरवर उघडी तार आणि तिचाच बारावा फ्रेट दाबून आलेला सूर, दोन्ही तपासा. बाराव्यावर बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर यायला हवा. थोडा फरक ब्रिजवरून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) जुळवता येतो.

एवढं झाल्यावर केबल जोडा. नॉब फिरवताना करकर येते का, आणि न वाजवता नुसती गुणगुण किती आहे ते पाहा.

नेकच्या रुंदीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचा हात अकूस्टिकवर घडलाय. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. तोवर हे काम माणसाएवढ्या उंच डबल बेसवर व्हायचं, आणि त्याच्या नेकवर पडदेच नसल्याने सूर कानानेच शोधावा लागायचा. पडदे आले म्हणून बोट ठेवलं की सूर नेमका, आणि त्यावरूनच हे नाव. १९६० मध्ये जॅझ बेस आली, तिची नेक नटपाशी (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ३८ मिलिमीटर, प्रिसिजनपेक्षा अरुंद. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक चार तारांच्या बेस या दोघींच्याच वळणावर जातात, मग नाव स्क्वायर असो, यामाहा, आयबनेझ की कोर्ट. बोटं लहान असतील तर जॅझ वळणाची नेक आधी हातात घेऊन पाहा. प्रिसिजनला एकच पिकअप (तारांची थरथर पकडणारा चुंबकी भाग) असतो म्हणून ती कमी दर्जाची, असं मात्र समजू नका. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमरसन यांनी १९६२ ची प्रिसिजन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवली, आणि आजही बेस शिकणारे त्यांच्याच चाली बसवतात.

पहिल्या आठवड्यात डावा हात दुखेल. मोजून सांगतो, म्हणजे तुम्ही स्वतःला दोष देणार नाही. गिटारवर नटपासून पहिला फ्रेट ३६ मिलिमीटरवर असतो. ३४ इंची (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) बेसवर तोच ४८ मिलिमीटरवर. चार बोटं चार फ्रेटवर ताणून ठेवण्याचा हट्ट नटजवळच्या भागात करू नका. डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत घ्या. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, एवढ्यांनी तीन फ्रेट झाकायचे, आणि अनामिका करंगळीला टेकू देत राहील. पाचव्या फ्रेटच्या वर गेलात की मग चार बोटं मोकळी करा. मनगटात कळ आली तर त्या दिवशी थांबा. बोटाच्या टोकाची आग चालेल, मनगटाची कळ चालणार नाही.

चार की पाच तारा, हा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या कारणाने येतो. इंग्रजी रॉक बहुतेक ई, ए, डी अशा पट्ट्यांत असतं, तिथे उघड्या तारा कामाला येतात. आपल्याकडे गायक येतो आणि पेटीवरची पट्टी सांगतो, काळी एक (सी शार्प), नाहीतर काळी दोन. काळी एकचा षड्ज चार तारांच्या बेसवर ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो. त्याखालच्या सप्तकातला षड्ज चार तारांत नाहीच, कारण सगळ्यात खालची ई तार ४१ हर्ट्झला (सेकंदाला ४१ कंपनं) संपते आणि तो सूर ३५ च्या जवळ आहे. पाचवी, बी तार ३१ हर्ट्झपर्यंत जाते, तिच्या दुसऱ्या फ्रेटवर तो खालचा षड्ज आहे. मी पाच तारांची घेतली ती एवढ्यासाठीच. गायकाने मुखडा संपवून सम गाठली आणि मी तो खालचा सूर दिला, तेव्हा पहिल्याच कार्यक्रमात तबलजीने मान वळवून पाहिलं. तो क्षण मला फार दिवस पुरेल.

तरीही तुम्ही चार तारांचीच घ्या. काळी एकमध्ये षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर असतो तेव्हा त्याच्या खालचा पंचम ई तारेवर त्याच चौथ्या फ्रेटवर असतो. बोट सरळ वरच्या बाजूच्या जाड तारेवर ठेवलं की मंद्र पंचम. पट्टी कोणतीही असो, ही आकृती तीच राहते. भावगीत, भक्तिगीत, लग्नातली गाणी, यांतलं निम्मं काम या दोन सुरांवर चालतं. पाचवी तार असली की ती न वाजवतानाही गुणगुणत राहते, उजव्या अंगठ्याने तिला सतत दाबून ठेवावं लागतं. मला १९ वर्षांच्या सवयीनंतर ते जमायला महिना लागला. शिवाय कमी किमतीत पाच तारांची घेतली तर बी तार बऱ्याचदा ढिली बोलते. कधी घेण्याची वेळ आलीच तर दुकानात बी तारेचा पाचवा फ्रेट आणि उघडी ई तार लागोपाठ वाजवा. सूर एकच आहे. बी तारेवरचा मातीसारखा भुसभुशीत लागला तर ती घेऊ नका.

सगळे पैसे बेसवर घालवू नका. निदान एक पंचमांश रक्कम अ‍ॅम्प किंवा हेडफोन अ‍ॅम्प, केबल, रुंद पट्टा आणि सेटिंगसाठी ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर ४१ हर्ट्झ ऐकूच येत नाही, वरचे स्वरांश तेवढे येतात, आणि मग आपली बेस पत्र्यासारखी वाटते. मित्राच्या गिटार अ‍ॅम्पला जोडायची झाली तर आवाज अगदी हळू ठेवा, त्याचा स्पीकर या खालच्या सुरांसाठी केलेला नसतो आणि मोठ्या आवाजात फाटतो. बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढायचीच. पिन आत असेपर्यंत सर्किट चालू राहतं, आणि बॅटरी संपत आली की आवाज कार्यक्रमाच्या मधेच चिरकतो.

ग्रुपबरोबर पहिल्यांदा वाजवाल त्या संध्याकाळी तुम्हाला वाटेल की घरी एवढी भरदार बोलणारी बेस इथे हरवली. तेव्हा हात बेसच्या नॉबकडे जातो, खालचे सूर वाढवावेसे वाटतात. उलट करा. खालचे थोडे कमी करा आणि मधले वाढवा, बेस लगेच पुढे येईल. आपल्या गाण्यांत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ढोलकीची धूम आणि तबल्याचा डग्गा त्याच खालच्या भागात बोलत असतात. डग्ग्याची घिस्सा चालू असताना तुम्ही लांब सूर ओढत बसलात तर दोघांचाही गाळ होतो. सूर आखूड तोडा, ठोक्याच्या बरोबर द्या आणि डग्ग्याला श्वास घ्यायला जागा सोडा. पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस एकदा हेडफोन लावून, बाकी सगळं विसरून ऐका. ते कुठे वाजवतात यापेक्षा कुठे थांबतात याकडे लक्ष ठेवा.

पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुसा आणि बेस बंद बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. नव्या तारांची चकाकी दोन-तीन आठवड्यांत कमी होते, त्यात बिघडल्यासारखं काही नाही. मला तो थोडा मावळलेला आवाजच जास्त आवडतो.

घेतलीत की कोणती घेतली ते इथे लिहा. खरखर राहिलीच, तर कोणत्या तारेवर, कितव्या फ्रेटपासून कितव्यापर्यंत, आणि बाराव्या फ्रेटवर ई तार फ्रेटपासून किती मिलिमीटर वर आहे, एवढं मोजून सांगा. २ ते २.५ असेल तर उंची ठीक आहे आणि नेककडे पाहावं लागेल. त्याहून कमी असेल तर ब्रिजपासून सुरुवात करू.