ताडपत्रीचा थर सालीगत का सुटतोय?

प्रश्न : साहेब, आमचं गाव खानापूर तालुक्यात. भाताच्या मळणीसाठी बेळगावच्या बाजारातनं १८ बाय १२ फुटी निळी ताडपत्री आणली, पंधरा दिवसांत घडीवर वरचा थर कांद्याच्या सालीगत सुटायला लागला. दुकानदार म्हणतोय उन्हानं झालं. हा थर गमनं चिकटवतात काय? – एक शेतकरी वाचक

उत्तर : गम नाही वो, गमाचा थेंबसुद्धा नसतोय. आत असतंय एचडीपीईच्या, म्हणजे चिवट प्लास्टिकच्या पट्ट्यांचं विणलेलं कापड आणि दोन्ही बाजूंनी एलडीपीईचा, म्हणजे मऊ प्लास्टिकचा थर. एलडीपीईचे दाणे एक्सट्रूडर नावाच्या मशीनमध्ये स्क्रूनं दाबत वितळवतात, ३०० डिग्रीच्या आसपास नेतात, मग रुंद डायच्या, म्हणजे साच्याच्या बारीक फटीतनं तो रस अखंड पडद्यासारखा खाली पळत्या कापडावर पडतोय आणि त्याच क्षणी कापड दोन रोलरच्या मधनं दाबून जातंय, एक रबराचा, दुसरा स्टीलचा.

मी पहिल्यांदा मशीनपुढं उभा राहिलो तेव्हा एकच गोष्ट डोक्यात शिरेना, कापड १३० डिग्रीला वितळतंय मग ३०० डिग्रीचा रस पडून जळत कसं नाही? तर थर एकदम पातळ, त्यात उष्णता थोडीच मावते, आणि स्टीलच्या रोलरच्या आत सारखं थंड पाणी फिरतंय, ते ती लगेच ओढून घेतंय. म्हणजे चिकटायला मिळतोय तो जेमतेम सेकंदाचा काही भाग! तेवढ्यात रस थंड पडला, कापडावर धूळ असली, दाब कमी पडला, नाहीतर स्वस्तात पडावं म्हणून खडूची पावडर जास्त घातली, की थर नुसता वर बसतोय, धरत नाही.

तुमचं दुखणं हेच वाटतंय. उन्हानं बिघडलेली ताडपत्री अशी सोलून निघत नाही, ती कडक होत्ये, तडकत्ये, पट्ट्यांचा भुगा होतोय, आणि ते पंधरा दिवसांत होत नाही. दुकानदाराला हे सरळ सांगा आणि बदलून मागा, पावती असेल तर सोडू नका. घामाचा पैसा आहे तुमचा.

पुढच्या वेळी दुकानातच कोपरा चार-पाच वेळा चुरगाळून नखानं खरवडून बघा, थर उचलला तर तिथंच ठेवून या. आणि वजन कराच. १८ बाय १२ म्हणजे साधारण २० चौरस मीटर, २०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम, सांगून विकत असतील तर काट्यावर ४ किलोच्या आसपास भरायला पाहिजे.